हत्यारखोलीबाहेरचा बाक

त्या संध्याकाळी मावशी पुठ्ठ्याचा एक तुकडा शोधत होती. बाकाचा एक पाय किंचित आखूड होता, आणि डुगडुगत्या बाकावर माणूस मनातलं बोलत नाही असा तिचा अनुभव. पाळी बदलायला थोडा अवकाश होता. पोलीस ठाण्याच्या आवारात धुकं उतरलं होतं. गाड्यांची तोंडं तेवढी दिसत होती, अंगं धुक्यात बुडाली होती. हत्यारखोलीच्या खिडकीतून बंदुकीच्या तेलाचा उग्र वास येत होता आणि त्यात मावशीच्या किटलीतल्या चहाचा वास मिसळत होता.

हा बाक म्हणजे मावशीचा दागिना. कोणी विचारायचा अवकाश, की ती त्याची जन्मकथा सांगायला बसे.

झालं होतं असं. आपल्या माणसांची मनंही दुखतात, त्यावर काही केलं पाहिजे, असं एकदा वरच्या साहेबांनी मनावर घेतलं. दुसऱ्या मजल्यावर खोली रंगवली, कुंड्या मांडल्या, दारावर पाटी ठोकली आणि आत एक डॉक्टरीणबाई बसवल्या. बाई गुणाच्या, पण जिना चढून येतो कोण? जो चढेल त्याला खालून सगळं ठाणं बघणार आणि दुसऱ्या दिवशी 'काय रे, डोकं तपासून आलास का?' म्हणून सालटी काढणार. गोळीला न भिणारे गडी त्या जिन्याला भ्यायचे. डॉक्टरीणबाईंनी वर बसून घरातल्या सगळ्यांचे स्वेटर विणले.

मावशी तेव्हा ठाण्यात चहा द्यायची. एक दिवस कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाई, गिऱ्हाईक माडीवर चढत नसतं. दुकान वाटेवर मांडा."

वाट कोणती, तेही तिनेच दाखवलं. ड्यूटी संपली की शिपाई असो की साहेब, प्रत्येकाला हत्यारखोलीच्या खिडकीशी यावंच लागतं. वाळूच्या पेटीवर धरून पिस्तूल रिकामं करायचं, खिडकीतून आत द्यायचं आणि ते नेताना ठेवलेला आपला पितळी बिल्ला परत घ्यायचा. तिथे रांग लागते, रांगेत कंटाळा येतो आणि कंटाळलेला माणूस टेकतो. टेकलेल्या माणसाला कोण विचारतंय, का टेकलास म्हणून? डॉक्टरीणबाई खाली येऊन बाकाच्या एका टोकाला बसू लागल्या, दुसऱ्या टोकाला मावशी. एक ढेरपोटे हवालदार तर वर्षभर 'फक्त चहाला' येत आणि साखर कमी म्हणून भांडत. एके दिवशी कप हातात तसाच धरून ते ढसाढसा रडले. आता तेच नव्या पोरांना कोपराने ढोसून बाकाकडे पाठवत.

तेव्हापासून पोलीस वसाहतीतलं एकही घर उजाड झालं नव्हतं. परगावचे अधिकारी हा बाक बघायला येत, आणि लेकराचं बक्षीस दाखवावं तशी मावशी तो त्यांना दाखवी.

बाकाआधी उजाड झालेलं शेवटचं घर तिचं स्वतःचं होतं. तिचा नवरा शिपाई होता. मागच्या आवारातल्या गाड्यांच्या शेडमध्ये त्याने सरकारी पिस्तुलाने स्वतःला संपवलं. कागदोपत्री तो अपघात ठरला. मावशी मात्र विचारणाऱ्याला सरळ सांगे, "आजारी होते. औषध होतं, पण त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. आता मी पोचवते."

खिडकीच्या आत बसत ते चावीकाका. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून हे नाव. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. खिडकी इतकी लहान की आतून बाहेरच्याचा हातच तेवढा दिसे. "मी माणसं चेहऱ्याने नाही, मनगटाने ओळखतो," असं ते ऐटीत सांगत. बाकावर मात्र ते कधी टेकले नाहीत. गल्ल्यावर बसणाऱ्याने स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकी करायची नसते, असं म्हणून हसण्यावारी नेत.

पुठ्ठा सापडला, बाक स्थिर झाला आणि मावशीचा फोन वाजला.

फोन एका तरुण फौजदाराच्या बायकोचा होता. ठाण्यात त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत. मागच्या महिन्यात पुलाच्या कठड्याबाहेर लोंबकळणाऱ्या एका माणसाचा हात त्यांनी धरला होता. मदत येईपर्यंत नुसता धरून ठेवायचा होता. तो सुटला. तेव्हापासून ते उजवा तळहात सारखा पँटला पुसत असत. मावशीने अनेकदा चहा पुढे केला, दर वेळी ते "उद्या बसू" म्हणाले.

बायको सांगत होती, आत्ताच त्यांचा फोन आला होता. कपाटाची दुसरी किल्ली कुठे असते ते सांगितलं, लेकीच्या शाळेतल्या बाईंचा नंबर लिहून घ्यायला लावला.

"मावशी, ते फार गोड बोलले हो. इतकं गोड ते कधी बोलत नाहीत..."

मावशीशीही एकदा कोणी असंच गोड बोललं होतं. शेजारणीला घरात बोलाव आणि एकटी राहू नकोस, एवढं तिने बायकोला बजावलं. डॉक्टरीणबाईंना तिकडे पिटाळलं, ढेरपोट्या हवालदारांना फाटकाकडे. स्वतः मागच्या आवाराकडे धावली. कुठे बघायचं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

शेडमध्ये धुकं बाहेरच्यापेक्षा दाट वाटत होतं. डिझेलचा, ओल्या रबराचा वास. पत्र्यावरून पाण्याचा थेंब कुठल्यातरी टपावर पडत होता... थांबत होता... पुन्हा पडत होता. तिने हाक मारली. ओ आली नाही. शेवटच्या जीपचं दार उघडं होतं.

धाकटे साहेब चालकाच्या जागी ताठ बसले होते. कमरेचं चामडी घर उघडं होतं, आणि रिकामं.

"साहेब, पिस्तूल कुठाय?"

"जमा केलं."

"कुठे?"

"इथेच. ते शेजारी येऊन बसले ना... एक जुने शिपाई. नुसता हात पुढे केला, खिडकीत करतात तसा. आणि म्हणाले, जमा."

आता ज्याने कधी वर्दी घातली नाही त्याला हे उमगायचं नाही. हात पुढे आला आणि 'जमा' ऐकलं की पोलीस विचार करत नाही. मॅगझीन काढायचं, स्लाइड ओढायची, नळी रिकामी आहे हे दाखवायचं, मूठ समोरच्याकडे करून द्यायचं. ही शिस्त बोटांत इतकी मुरलेली असते, की डोकं दुसरंच काही ठरवून बसलं तरी बोटं त्याचं ऐकत नाहीत. जगावर पाणी सोडून बसलेल्या त्या गड्याने पिस्तूल नियमाप्रमाणे रिकामं केलं आणि शेजारच्या हातात दिलं होतं.

त्यांनी उजवी मूठ उघडली. आत त्यांचा पितळी बिल्ला होता.

"मग त्यांनी माझा हात धरला, मावशी. तुमची हाक येईपर्यंत सोडला नाही. मीही नाही सोडला. या वेळी सुटला नाही..."

शेजारच्या जागी कोणीच नव्हतं. पण गादी मधोमध दबलेली होती, आणि मावशीच्या डोळ्यांदेखत हळूहळू फुगून वर येत होती.

तिने धाकट्या साहेबांना बाकावर आणून बसवलं. बायको आली, डॉक्टरीणबाई आल्या. त्या नवराबायकोत काय बोलणं झालं ते सांगायचं कारण नाही. चहा मात्र दोनदा गरम करावा लागला. मग मावशी खिडकीशी गेली. चावीकाका वैतागून म्हणाले, हो, मघाशीच आलं त्यांचं पिस्तूल, बिल्लाही दिला, त्यात एवढं काय? आणि मग त्यांचा आवाज उतरला.

"पण मनगट त्यांचं नव्हतं. घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला होती. तशी कोण घालतं आता?"

रात्रीच्या गस्तीत काच चमकू नये म्हणून तबकडी आत ठेवणारा एकच माणूस मावशीला ठाऊक होता.

खरं तर तिला धडकी भरायला हवी होती. पण आधी भरून आली ती छाती. औषध पोचवायच्या कामाला तेही रुजू झाले, असं तिला वाटलं. हे ती कोणाला बोलली नाही. त्या दिवसापासून मागच्या आवाराकडे जाताना मात्र ती सोबत कोणीतरी घेऊन जाऊ लागली.

धाकट्या साहेबांचे उपचार सुरू झाले. त्यांना बिनहत्यारी काम मिळालं. ते रोज बाकावर बसू लागले, आणि तळहात पुसायचं हळूहळू विसरले. ठाण्यात जो तो म्हणे, बाकाने आणखी एक घर राखलं. मावशी दोन बोटं उंचच झाली म्हणा ना.

आणि मग पुन्हा तसंच धुकं पडलं.

पाळी बदलायची होती. बाकावर मावशी एकटीच होती. खिडकीतून चावीकाकांचा आवाज आला. एरवी ठाणं दणाणून सोडणारा तो आवाज आज चिलटाएवढा झाला होता.

"मावशी... खिडकीशी कोण उभं आहे?"

ती हातभर अंतरावर बसली होती. खिडकीशी कोणी नव्हतं.

"कोणी नाही, काका."

"मग हा हात कोणाचा? काही देत नाहीये... तळवा वर करून मागतोय."

घड्याळाचं विचारावं असं मावशीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. तिला एकदम दुसरंच दिसलं. गेल्या वर्षी काकांची बायको गेली. त्यानंतर ते एकही सुट्टी न घेता त्या खोलीत बसून होते, साऱ्या ठाण्याची हत्यारं उतरवून घेत. त्यांना कोणी विचारलं होतं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"काका, तुमच्याकडे देण्यासारखं काय आहे?"

आतून किल्ल्यांचा किणकिणाट आला.

"एक गोळी आहे," ते म्हणाले. "बरेच दिवस खिशात ठेवलीये. सगळ्यांचं मी उतरवून घेतो, मावशी. माझं कोण उतरवणार?"

मावशी उठली. जिथे तिला काहीच दिसत नव्हतं, नेमका तिथे तिने आपला हात ठेवला आणि तळवा उघडला.

"जमा."

तिचा आवाज कापला नाही. गोळी तळव्यावर पडली, खिशातल्या उबेने कोमट झालेली.

"आता खिडकी लावा, कुलूप घाला आणि बाहेर या. गिऱ्हाइकी करायचीय तुम्हाला."

चावीकाकांनी झडप पाडली, कडी घातली, दाराला कुलूप लावलं आणि जुडगा मावशीच्या मांडीवर ठेवला. मग ते बाकावर बसले. आधी मोडक्या-तोडक्या शब्दांत, मग धरण फुटावं तसं बोलू लागले. मावशीने डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला आणि काकांचा हात धरून बसून राहिली. इतक्या वर्षांत बाकाचा इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

धुक्यातून बूट वाजले. पाळी सुटली होती. ढेरपोटे हवालदार रांगेत पहिले. मान खाली घालून, थंडीच्या नावाने बोटं मोडत, वाळूच्या पेटीवर ते पिस्तूल रिकामं करत होते. खिडकी बंद आहे म्हणून सांगायला मावशीने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात झडप आतून वर गेली.

हवालदारांनी सवयीने पिस्तूल आत दिलं. आत कोणीतरी ते घेतलं. बिल्ला पुढे सरकला. बाकावर चावीकाकांची बोटं मावशीच्या मनगटात रुतली.

बिल्ला खिशात टाकत, खिडकीकडे न बघताच हवालदार म्हणाले, "हात फार गार पडलेत, काका. तब्येतीला जपा."

आणि रांग एक पाऊल पुढे सरकली.