घरापर्यंत

विनी ऑल्डरसन सकाळी जहाजाच्या खालच्या मजल्यावर जाऊन इस्त्री केलेला निळा झगा घेऊन आली. खोलीत पाऊल टाकते तर लेस्ली पलंगाच्या कडेला जामानिमा करून बसलेला. कोट, मफलर, पायात घट्ट बांधलेले बूट. शेजारी लहान बॅग भरून ठेवलेली.

"हे काय? बाहेर ऊन पडलंय आणि तू मफलर गुंडाळून बसलास?"

खिडकीबाहेर मडेरा बेट होतं. डोंगराला चिकटलेली लाल कौलांची घरं, त्यांच्यावर पातळ, पांढरे ढग. सफरीतलं हे शेवटचं बंदर. इथून चौथ्या दिवशी साउदम्प्टन, तिथून बसने यॉर्कशर. जानेवारीच्या चिखलात घर सोडलं होतं, आता मार्च लागला होता. लेस्लीने चाळीस वर्षं बसच्या डेपोत इंजिनं खोलली होती, विनीने तितकीच वर्षं शाळेच्या पोरांसाठी बटाटे सोलले होते. आयुष्यात एकदाच करायची सफर, म्हणून पासष्ट दिवसांची केली होती.

"विनी, इथंच उतरू या," लेस्ली म्हणाला. "विमानानं जाऊ. संध्याकाळपर्यंत घरी."

"का? दुखतंय का कुठं?"

"दुखत नाही. घरी जावंसं वाटतंय."

विनीने झगा दाराला टांगला. उद्या रात्री कप्तानाबरोबरचं मोठं जेवण होतं, आणि हा झगा तिने दोन महिने त्याच रात्रीसाठी जपला होता.

"अरे, चार दिवस राहिलेत," ती म्हणाली. "एकसष्ट दिवस काढलेस, आता शेपटाशी येऊन काय हट्ट धरतोस? घरी काय आहे? ओला कोळसा आणि शेजारणीचं मांजर. काढ की तेवढे चार दिवस. माझ्यासाठी."

लेस्लीने मफलर सोडला, नीट घडी केली आणि मांडीवर ठेवली.

"बरं," तो म्हणाला. "घरापर्यंत काढतो."

जेवणाच्या मेजावर त्यांच्यासोबत बेरिल नावाची बार्न्सलीची एक विधवा असायची. तोंडाने फटकळ, मनाने मऊ. त्या संध्याकाळी लेस्लीने सूप ढवळलं, मासा काट्याने फोडला, पण तोंडात काही घातलं नाही. बेरिलच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय रे लेस्ली, घरच्या यॉर्कशर पुडिंगसाठी पोट राखून ठेवतोयस? ही बया चार दिवसांत तुला वाळवून नेणार बघ."

लेस्ली हसला. पण हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांपर्यंत गेलं नाही. विनीने मेजाखाली त्याचा हात धरला आणि चटकन सोडला. तळघरातल्या फरशीला हात लागावा तसं वाटलं तिला.

रात्री त्याने पाण्याचा घोटही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली तेव्हा तो खुर्चीत बसला होता, हात गुडघ्यांवर, डोळे उघडे. खोलीत एक वास होता. फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसला. विनीने न्याहारीच्या आधीच त्याला जहाजाच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर गेडिस ही पन्नाशीची स्कॉटिश बाई. तिने लेस्लीला आत नेलं, पडदा ओढला. विनी बाहेर बाकावर बसली. यंत्राची कळ दाबल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. मग नर्स दुसरं यंत्र ढकलत आत गेली. मग बराच वेळ कसलाच आवाज नाही. शेवटी लेस्लीचा आवाज आला, खेळीमेळीचा.

"राहू द्या डॉक्टरबाई. यंत्रं काय, माणसं काय, जुनी झाली की अशीच."

डॉक्टर बाहेर आली आणि विनीच्या शेजारी येऊन बसली. तिची बोटं गळ्यातल्या स्टेथोस्कोपशी चाळा करत होती.

"मिसेस ऑल्डरसन, सव्वीस वर्षं मी हे काम करतेय…" तिने आवाज खाली आणला. "मला आत काही ऐकू येत नाही. दोन्ही यंत्रांवर सरळ रेघ. आणि ते सदऱ्याची बटणं लावतायत. माझे आभार मानतायत."

"म्हणजे काय?"

"मला माहीत नाही." डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं नाही. "मी हे लिहिलं तर मला बोटीवरून उतरवतील. घरी गेल्या गेल्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. आणि… त्यांना एकटं सोडू नका."

त्या रात्रीचं मोठं जेवण झालं. निळा झगा दाराला तसाच टांगलेला राहिला.

रविवारी सकाळी लेस्ली पलंगावर उताणा पडला होता. विनीने त्याच्या छातीवर कान ठेवला. बेचाळीस वर्षं ती या छातीवर डोकं ठेवून झोपली होती. आतला ठोका तिला स्वतःच्या पावलांइतका ओळखीचा होता. आता बोटीच्या इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती, गादीतून, लाकडातून, त्याच्या फासळ्यांतून. रिकाम्या कपाटातून यावी तशी.

"लागलं का काही हाताला?" त्याने छताकडे बघत विचारलं.

विनीला हुंदका आवरेना. "का रे असं करतोयस?"

"तूच म्हणालीस ना, काढ म्हणून."

त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर तिला सोसलं असतं.

सोमवारी इंग्लिश खाडीत धुकं उतरलं. दिवसभर भोंगा वाजत राहिला. दर दोन मिनिटांनी एक लांब हंबरडा, आणि मग कान देऊन बसल्यासारखी शांतता. मंगळवारी सकाळी बोट साउदम्प्टनच्या धक्क्याला लागली तेव्हा सगळे उतारू सामान घेऊन डेकवर ताटकळत उभे राहिले. कडाक्याची थंडी होती. बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. बेरिल विनीला आपल्या मांजरांबद्दल सांगत होती आणि वाफेचे लोट सोडत होती. लेस्ली म्हणाला, "चला, दार उघडलं." तेवढेच शब्द आले. वाफ आली नाही.

उत्तरेकडे जाणाऱ्या बसमध्ये बेरिल पलीकडच्या बाकावर बसली होती. दुपारी हमरस्त्यावरच्या एका उपाहारगृहाशी बस अर्धा तास थांबली. उतरताना लेस्लीचा तोल गेला म्हणून बेरिलने त्याचा हात धरला.

"अगं बाई! याला काय बर्फाच्या पेटीत घालून आणलंस?" ती खदखदून हसली. मग तिचं लक्ष स्वतःच्या तळव्याकडे गेलं. तिने तो कोटाला पुसला, पुन्हा पुसला, आणि चहाच्या रांगेत निघून गेली. परतल्यावर ती बसच्या अगदी मागच्या बाकावर जाऊन बसली.

विनी आणि लेस्ली काचेशेजारच्या मेजावर बसले. बाहेर मोटारी वाहत होत्या.

"लेस्ली, आज इथंच राहू," विनी म्हणाली. "वर खोल्या मिळतात. उद्या जाऊ. नाहीतर परवा."

"नको."

"घरी जायलाच पाहिजे असं कुठं आहे? आपल्या पोरीकडे, जुडिथकडे जाऊ. नाहीतर अशीच बस बदलत हिंडू आपण. तुला काय हवं ते करू…"

"विनी." त्याने मेजावर हात ठेवला, पण तिच्या हाताला लावला नाही. "फार जड होतंय गं आता."

"दुखतं का?"

"दुखलं असतं तर बरं झालं असतं. काहीच नाही. तू बोलतेस ते विहिरीच्या वरून कुणी बोलावं तसं ऐकू येतं. तू शेजारी असतेस आणि मी एकटा असतो. रात्रभर."

"आणि घरी पोचल्यावर?"

"ते मला माहीत नाही."

विनीने तोंडावर रुमाल दाबला. पुढल्या टेबलावरचं एक लहान मूल तिच्याकडे टकमक बघत होतं. तिला धावत जाऊन त्या बसची चाकं फोडावीशी वाटली, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की बस लवकर निघावी, एकदाचं संपावं. दुसरा विचार मनात आला म्हणून तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

स्किप्टनहून टॅक्सी केली. पाचच्या सुमाराला ते दाराशी पोचले. डोंगरावर कोकरं ओरडत होती. विनी कुलपात किल्ली घालीना. लेस्लीने तिच्या हातातून ती घेतली, दार उघडलं, आत गेला. कोट खुंटीला लावला. रोज लावायचा तसा, आधी कॉलर झटकून. मग जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि बूट काढायला वाकला.

"पोचलो," तो म्हणाला.

एक नाडी सुटली. दुसऱ्या नाडीवरची बोटं थांबली. विनी त्याच्या शेजारी पायरीवर बसली, आणि अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली.

लीड्सहून मुलगी, जुडिथ, रात्रीच आली. पुढचे सोपस्कार तिनेच केले. घरी अचानक मेलेल्याची सरकारी तपासणी होते, तशी झाली. चार दिवसांनी तपासणाऱ्या डॉक्टरने दोघींना बोलावलं. सज्जन माणूस. हातातलं पेन टेबलावर सरळ रेषेत ठेवत होता.

"बाई, तुमचे यजमान नक्की केव्हा गेले?"

"मंगळवारी. संध्याकाळी पाचला."

"हृदय बंद पडलं, त्यात संशय नाही. पण मंगळवारी…" तो थांबला. "बसमधल्या लोकांनी त्यांना पाहिलंय, टॅक्सीवाल्यानं पाहिलंय. म्हणून मी कागदावर मंगळवारच लिहितो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांना जाऊन कमीत कमी बारा दिवस झाले होते."

जुडिथ ओरडली, भांडली, खुर्ची मागे ढकलून उठली. विनी बसून राहिली. तिला वाटलं होतं चार दिवस. मडेरापासूनचे. तिचं पाप तिने चार दिवसांचं धरलं होतं. ती बोटांवर मागे मोजू लागली. सोमवार, रविवार, शनिवार… बारावा दिवस एका गुरुवारवर आला. भर समुद्रात, चहूकडे नुसतं पाणी.

त्या गुरुवारी दुपारी लेस्ली डेकवरच्या लांब खुर्चीत तोंडावर टोपी ठेवून झोपला होता. चारला चहा आला. विनीने हाक मारली, "लेस्ली." तो हलला नाही. तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा खांदा गदागदा हलवून अशी मोठ्याने मारली की आजूबाजूच्या लोकांनी माना वळवल्या. तेव्हा त्याने डोळे उघडले. अनोळखी बाईकडे बघावं तसं तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "किती लांबून बोलावलंस गं."

आणि ती हसली होती. "चहा गार होतोय," म्हणाली होती.

तपासणाऱ्या डॉक्टरकडून परतली त्या दिवसापासून विनीने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. दफनाच्या वेळी नाही, शेजाऱ्यांशी नाही, झोपेत येईल म्हणून झोपेतही ती ओठ दातांखाली धरून असायची. फोनवर कुणी त्याचं नाव घेतलं की ती फोन ठेवून द्यायची. लोक म्हणाले, दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं.

नोव्हेंबरात गावच्या चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात आणि एकेकाची मेणबत्ती लावतात. विनी आठवडाभर आधी पाद्र्याकडे गेली. "आमचं नाव वाचू नका," म्हणाली. पाद्र्याने तिचा हात हातात घेतला, मान डोलावली. पण त्या दिवशी त्याचा घसा बसला होता, म्हणून यादी एका म्हाताऱ्या विश्वस्ताच्या हाती दिली. छापील यादी, आडनावाच्या क्रमाने. ऑल्डरसन इंग्रजी 'ए'मध्ये, म्हणून सगळ्यात वर.

"लेस्ली ऑल्डरसन," म्हातारा म्हणाला.

विनी ताडकन उठली. जुडिथने तिला हात धरून खाली ओढलं. "आई, बस ना. लोक बघतायत."

ध्वनिवर्धक कर्कश शिट्टी मारून बंद पडला. म्हाताऱ्याने तो दोन वेळा ठोकला आणि पुन्हा वाचलं, "लेस्ली ऑल्डरसन."

"नको," विनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. "नको, आता पुरे…"

"मागं ऐकू येत नाही!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

म्हाताऱ्याने चष्मा सारखा केला, छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात तिसऱ्यांदा नाव घेतलं.

सकाळचे साडेदहा वाजले होते. रंगीत काचांतून ऊन आलं होतं. मागच्या दाराची कडी उचलली गेली, गार वारा आत आला आणि सगळ्या मेणबत्त्यांच्या ज्योती एका बाजूला झुकल्या. मधल्या वाटेने पावलं येऊ लागली. उशिरा आलेला माणूस इतरांना त्रास नको म्हणून टाकतो तशी, दबकी. कुणी मागे वळून पाहिलं नाही. म्हातारा पुढचं नाव वाचत होता.

विनीने डोळे मिटून घेतले. शेजारी बसलेल्या जुडिथने मान न वळवता मांडीवरचं प्रार्थनेचं पुस्तक उचललं, आणि बाकावर थोडी आत सरकून वाटेच्या बाजूला एका माणसापुरती जागा करून दिली.