राखीव बाकावरचे

थोरली त्या दुपारी दवाखान्यात गेली ती अप्पांचा चार्जर द्यायला. काम एवढंच. सकाळपासून तीनदा फोन करून त्यांनी लेकीचं डोकं खाल्लं होतं, कारण टॅबलेट बंद पडला की त्यांचा हॉकीचा संघ पोरका होई.

अप्पांनी तीस वर्षं बस डेपोत ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावल्या होत्या. कोणी आजारी पडलं तर बदली कोण, हा घोर निवृत्तीनंतरही सुटेना, तेव्हा त्यांनी तो टॅबलेटवरच्या हॉकीच्या गेमला नेऊन चिकटवला. या गेममध्ये आपण फक्त संघ बांधायचा. सामने तोच खेळून दाखवतो. अकरा जण कोणीही निवडेल, अप्पांचा सगळा जीव राखीव बाकावर. वॉर्डात आल्यावर थट्टेथट्टेत त्यांनी बाकावरच्या खेळाडूंना शेजारच्या खाटांवरच्या पेशंटांची नावं दिली. पेंटर, शिंपी, आणि शेवटी स्वतः अप्पा. शिंपी तर रोज विचारायचा, आज उतरवताय का मला.

त्या दुपारी शिंप्याची खाट रिकामी होती. फिनेलचा वास अजून गेला नव्हता.

अप्पांनी तिला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"मंगळवारी गेमनं पेंटरला अकरांत घेतलं. बुधवारी तो गेला. काल शिंप्याला घेतलं, आणि आज पहाटे…"

ती हसणार होती, पण त्यांचा हात गार पडला होता.

"मी नाही उतरवलं गं. कोणी जखमी झालं की गेम बाकावरचा पहिला माणूस आपणहून उचलतो. आता पहिला मी आहे."

नाव काढून टाकायची सोय नव्हती. हंगाम संपेपर्यंत खेळाडू सोडता येत नाही, असा त्या गेमचा नियम. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचं ऑपरेशन. थोरलीचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण प्रश्न बापाचा होता. तिनं झटकन एक नवा खेळाडू घेतला आणि बाकाच्या यादीत अप्पांच्या वर बसवला. नाव काय द्यायचं? समोर भिंतीवर घड्याळ होतं. तिनं लिहिलं, घड्याळवाला.

त्या दिवशीच्या सामन्यात कोणीच जखमी झालं नाही, आणि सकाळी ऑपरेशनही नीट पार पडलं. थोरली जिन्यात जाऊन पोटभर रडली, तोंड धुऊन वर आली आणि दारातच थबकली. शिंप्याच्या खाटेवर नवा म्हातारा आला होता. त्याची बायको त्याच्या पायांत मोजे चढवत होती. तो भिंतीकडे बघत होता.

"चार मिनिटं मागे आहे," तो थोरलीला म्हणाला. "काढून दिलंत तर लावून देतो. जन्मभर घड्याळंच दुरुस्त केली."

तिनं अप्पांकडे बघितलं. अप्पा जागे होते, त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी टॅबलेट मागितला आणि सुई टोचलेल्या हातानं आपलं नाव ओढून घड्याळवाल्याच्या वर नेलं.

"अप्पा, नको…"

"फसवून बदली ड्रायव्हर गाडीवर चढवत नाहीत गं. त्याची बायको बघितलीस?"

थोरलीनं बघितली होती. तिनं अप्पांचा हात धरला, पण नाव खाली आणलं नाही. त्याचं तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

चार वाजता सामना सुरू झाला. अर्ध्यावर पेंटर कोसळला. पडद्यावर जखमीची लाल खूण आली. अप्पांनी डोळे मिटले. थोरली मनात आकडे मोजत राहिली… आणि ती इवलीशी आकृती उठली. मग शिंपी पडला. उठला. पुन्हा पडला, पुन्हा उठला, लंगडत धावत राहिला. शिट्टी वाजेपर्यंत दोघांपैकी एकानंही मैदान सोडलं नाही. बाकावरून कोणालाही बोलावणं आलं नाही.

खेळाडूंचा उरलेला दम शेवटी गेम दाखवतो. पेंटर सहा. शिंपी चार. शंभरांपैकी.

"उतरू देत नाहीयेत ते तुम्हाला," थोरली म्हणाली. अप्पांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

एवढ्यात झाडूवाल्या मावशींची कुरकुर कानावर आली. पेंटरच्या रिकाम्या खाटेची चादर त्या हातात घेऊन उभ्या होत्या.

"मघाशीच बदलली होती हो. कोण लोळतंय इथं? नुसती घामानं भिजलीय."

 थोरलीनं अप्पांचा तांब्या पाण्यानं काठोकाठ भरून त्या खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि डॉक्टरांना भेटायला गेली. अप्पांना आणि घड्याळवाल्याला अजून चार दिवस ठेवावं लागेल, असं ते म्हणाले. सामना रोज असतो.

ती परतली तेव्हा तांब्या रिकामा होता. तिनं टॅबलेट उघडला. पेंटरचा दम अकरावर आला होता, शिंप्याचा नऊवर.

थोरली दुसरा तांब्या शोधायला निघाली.