मूळ फोटोतले डोळे

अनसिंगच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. फेब्रुवारीत पंजाबरावकाकांच्या नव्या घराचा कार्यक्रम होता, त्याचं काम माझ्याकडे आलं. सकाळी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि मग मी घरच्या चौघांना दारात उभं केलं. काका, भागिरथाकाकू, मुलगा अश्वजित आणि सून रत्नमाला. अश्वजित शाळेत शिकवतो. बापलेकांचे चेहरे इतके सारखे की वयच काय ते वेगळं.

ऊन समोरून येत होतं. कॉम्प्युटरवर पाहिलं तर एकाही फोटोत काकांचे डोळे उघडे नव्हते. आमच्या धंद्यात हे रोजचंच. चौघांचा जो फोटो सगळ्यात चांगला होता तो घेतला, दुसऱ्या एका फोटोतून अश्वजितचे डोळे उचलले आणि काकांच्या चेहऱ्यावर बसवले. कडा मिसळल्या, बापाच्या सुरकुत्या जुळवल्या. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक बारीक जोड दिसत होता, तो मला एकट्यालाच कळला असता.

यात बिघडण्यासारखं काही नसतं. सॉफ्टवेअर मूळ फोटोला हात लावत नाही. आपण केलेले बदल वेगळे ठेवतं आणि दाखवताना वरून चढवतं. एक बटण दाबलं की सगळे बदल उतरतात, कॅमेऱ्यानं टिपलेला फोटो जसाच्या तसा समोर येतो. गिऱ्हाइकाला मी नेहमी सांगतो, मूळ फोटो कुठं जात नाही.

फ्रेम करून दिली. त्यांनी ती पुढच्या खोलीत लावली.

काही दिवसांनी रत्नमालावहिनी एकट्याच दुकानात आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या की मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, झोप येत नाही. वाशीमच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यांचाही उपयोग नाही. डोळे मिटतच नाहीत. सासूबाई ओल्या फडक्यानं ते भिजवत बसतात. आणि इकडे अश्वजित बसल्या जागी झोपतो. वर्गात झोपला, ताटावर झोपला.

"मामाजी म्हणतात, फोटो लावला तवापासून हे होऊन राह्यलं," त्या खाली पाहत म्हणाल्या. "मले नाही पटत. पण पयला फोटो असन तर थोच लावून द्या, भाऊ. त्याहिच्या मनाले बरं वाटन."

मी होकार दिला. त्या गेल्यावर फोटो उघडला आणि मूळ फोटोचं बटण दाबलं.

काही हललं नाही. खाली एक ओळ आली, 'या फोटोत कोणताही बदल केलेला नाही.'

आपणच चुकून मूळ फोटोवर सेव्ह केलं असणार, असं वाटलं. कॅमेऱ्याचं कार्ड अजून पुसलं नव्हतं. ते लावून पाहिलं. तिथंही काकांचे डोळे उघडे. मोठं करून डावा कोपरा पाहिला. जोड नव्हता. बुबुळात दारासमोरचं ऊन चमकत होतं. मग बाकीचे फोटो पाहिले. सगळ्यांत काका टक लावून समोर बघत होते.

ज्या फोटोतून डोळे घेतले होते, तो मी शेवटी उघडला. त्यात अश्वजितचे डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. काका खाटेवर पडले होते, डोळे लालभडक. अश्वजित जवळच सतरंजीवर झोपला होता. सकाळपासून उठवतोय, पाणी मारलं तरी उठत नाही, असं काकूंनी सांगितलं.

काकांनी मला जवळ बोलावलं. "कोणाचे डोये लावले रे मले?"

मी सांगितलं.

त्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. "त्याचे त्याले देऊन टाक."

मी म्हणालो, काका, ते देता येतील, पण तुमच्या मिटल्या पापण्या आता कुठल्याच फोटोत उरल्या नाहीत. मिटलेले डोळे आहेत ते फक्त अश्वजितचे.

"मंग थेच मले लाव."

मी लॅपटॉप उघडू लागलो. काकूंनी झाकणावर हात ठेवला. एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मग हात काढून घेतला.

ज्या फोटोतून डोळे घेतले होते तोच उघडला. मिटल्या पापण्या बापाला बसवल्या. उघडे डोळे मुलाला. सेव्ह केलं.

अश्वजित उठून बसला. त्यानं चहा मागितला.

काकांच्या पापण्या हळूहळू खाली आल्या. त्यांनी लांब श्वास सोडला आणि कुशीवर वळले. काकू पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

सकाळी मी शटर उघडतो तोच वहिनी आणि अश्वजित दारात. मामाजी अजून उठले नाहीत, वहिनी म्हणाल्या. श्वास चालू आहे. चिमटा काढला तरी हलत नाहीत. गाडी सांगितली आहे, वाशीमला नेतो, पण त्याआधी तो फोटो होता तसा करून द्या. कॅमेऱ्यानं काढला होता, अगदी तसा.

मी बटण दाबलं. तीच ओळ आली.

स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. वहिनींनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"मंग पयला फोटो गेला कुठं?"

मी पुन्हा बटण दाबलं.

अश्वजित काउंटरला टेकून उभा होता. लय दिवसानं मोकळं वाटून राह्यलं, असं म्हणाला. माझ्याकडेच बघत होता.

एक माशी आली, त्याच्या उघड्या डोळ्यावर बसली आणि पाय चोळू लागली.