नापास नाक

“वा! काय सुरेख वास सुटलाय!”

खिडकीबाहेरून हे वाक्य आलं तेव्हा माझ्या भट्टीतला पावांचा अख्खा ट्रे जळून कोळसा झाला होता. धूर इतका, की रांगेतली माणसं मास्कवर आणखी रुमाल दाबून उभी होती. एक आजोबा खोकले. त्या दिवसांत चारचौघांत कुणी खोकलं, की रांग आपोआप लांब व्हायची. तशी ती झाली.

त्या हिवाळ्यात साथीची नवी लाट आली आणि आल्या आल्या माझ्या बाबांना चिकटली. ते वरच्या खोलीत बंद, मी खाली बेकरीत एकटी. पण बंद खोलीत गप्प बसतील तर ते बाबा कसले? वरून फोन करायचे. “पीठ फुगलं का गं? बोट दाबून बघ. तसं नाही, हळू दाब!” त्या सकाळी याच ‘हळू’वरून आमची जुंपली आणि तेवढ्यात ट्रे गेला.

आधीच डोकं तापलेलं, त्यात हे कौतुक! मी तणतणत खिडकीपाशी आले. बाहेर एक उंच तरुण उभा होता. राखाडी स्वेटर, मफलर, आणि मास्कमधून वर आलेल्या वाफेने दोन्ही काचा पांढऱ्या झालेला चष्मा.

“जखमेवर मीठ चोळायला आलात का?” मी विचारलं.

“नाही हो... खरंच छान—”

“धूर दिसत नाही का तुम्हाला?”

त्याने चष्मा काढला, मफलरने पुसला, घातला. मग त्याला धूर दिसला. आणि त्याचे कान... असे लाल होत गेले, की मला माझा राग आवरता घ्यावा लागला. चेहरे झाकलेले असले की माणूस बघण्यासाठी दुसरं काहीतरी शोधतो. मला त्या दिवशी त्याचे कान दिसले.

“तुम्हाला वास येत नाही,” मी म्हणाले.

“हळू बोला ना...” तो फळीवर वाकला. “आजार होऊन गेला. सगळं परत आलं, वास नाही आला.”

“मग छान वास सुटलाय म्हणून कशाला सांगत सुटलात?”

“बेकरीसमोर उभा राहून माणूस दुसरं काय म्हणणार? मला वाटलं, हे म्हटलं की चालून जाईल.”

मला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी फुटलं, म्हणून स्वतःचंच हसणं मला परकं वाटलं. त्या दिवसांत हसायचीही चोरी असायची. समोरच्या शिंप्याचं दुकान बंद झालं ते परत उघडलंच नाही. दिवसातून कितीदा तरी रुग्णवाहिका जायची, आणि ती आपल्या गल्लीत वळत नाही ना, एवढंच सगळे कान देऊन ऐकायचे.

“येईल हळूहळू,” मी म्हणाले. “बऱ्याच जणांचं जातंय. त्यात एवढं लपवण्यासारखं काय आहे?”

“मी चहा चाखतो,” तो म्हणाला. “म्हणजे... तेच माझं काम आहे.”



तो एका चहाच्या कंपनीत होता. लांब डोंगरात मळे, तिथे लाकडी टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, आणि प्रत्येक कपातला एकेक घोट घेऊन हा सांगणार, पान कुठल्या उताराचं, वाळवताना आच किती लागली. जीभ थोडं सांगते, बाकी सगळं नाक. आजारी पडला म्हणून समोरच्या गल्लीत ताईकडे येऊन राहिला होता. साहेबांना त्याने अजून काही सांगितलं नव्हतं. मळ्यांवर नव्या पानाची खुडणी सुरू होण्याआधी नाक परत आलं तर ठीक, नाहीतर याच शहरातल्या त्यांच्या वखारीत टेबलखुर्ची देऊन बसवणार. चहाच्या पेट्या आत आल्या, बाहेर गेल्या, एवढंच बघायचं.

“डॉक्टर म्हणाले, रोज ओळखीचे वास घ्या. नाकाला सवय लावा,” तो म्हणाला. “ताईकडे स्वयंपाकघरात शिरायला बंदी आहे. ती म्हणते, तुला वास येत नाही आणि तू गॅसपाशी उभा राहतोस.”

“बरोबरच आहे तिचं,” मी म्हणाले. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. “दुपारी मागच्या दाराने या. आमच्याकडे वासांना तोटा नाही.”

बेकरीच्या मागे छोटं अंगण, त्यात एक बाक. वास घ्यायचा म्हणजे मास्क खाली करावा लागणार, आणि बाबा आजारी असताना मला हयगय करून चालणार नव्हतं. म्हणून मी नियम केले. त्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं. मी मागे, मास्क लावून, हात लांब करून त्याच्या खांद्यावरून बाटली पुढे देणार. बाटल्या कागदात गुंडाळलेल्या. एकीत दालचिनी, एकीत लवंग, एकीत लिंबाची साल, एकीत कॉफी.

“मागे वळलात तर पाव बंद,” मी बजावलं.

“आणि ओळखता आलं तर?”

“नाक आलं की बाक रिकामा करायचा. मला पीठ मळायचं असतं.”

असं ते सुरू झालं. थंडी मी म्हणत होती. त्याच्या तोंडातून वाफ निघायची ती भिंतीवर जाऊन विरायची आणि मी मागे उभी राहून शाल आवळत त्याच्या मफलरची गाठ बघत राहायची. किती वाईट बांधायचा तो गाठ!

“हं... सांगा.”

“गार आहे.”

“बाटली गार आहे. वास?”

“पाववाल्या बाई, आमच्या साहेबांपेक्षा कडक आहात तुम्ही.”

“साहेब तुम्हाला फुकट शिकवतात का?”

“नाही. पण ते एवढे जवळ उभेही राहत नाहीत...”

मी चटकन एक पाऊल मागे सरले. तो भिंतीकडे बघून हसला. हसला ते मला त्याच्या कानांवरून कळलं.

सुरुवातीला तो खरोखरच कोरडा होता. बाटली हुंगायचा, मान हलवायचा, आणि त्याचे खांदे पडायचे. एकदा म्हणाला, “मला भीती वाटते. पावसाचा वास कसा असतो ते मी रोज आठवून बघतो. एक दिवस आठवायचाही बंद होईल.”  मी नुसती लवंगेची बाटली पुढे धरली, आणि ती घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली.  त्या काळात नुसता हात लागणं ही केवढी मोठी गोष्ट होती, ते आता कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

बाबांना बरं वाटलं आणि ते खाली यायला लागले. तिकडे तो आता निदान उत्तरं तरी द्यायला लागला होता. पण सगळी चूक. दालचिनीला लवंग म्हणायचा, लवंगेला कॉफी. मी कपाळावर हात मारायची. तो “उद्या बघू” म्हणायचा आणि बाकावरून उठता उठत नसे. गप्पा मात्र वाढत चालल्या होत्या. मळ्यातल्या धुक्याच्या, ताईच्या खडूसपणाच्या, त्याच्या लहानपणीच्या एका बोकडाच्या... आणि मी? फुगायला ठेवलेलं पीठ भांड्याबाहेर येईपर्यंत मी ऐकत बसायची.

“तुझा विद्यार्थी काय म्हणतोय?” एका दुपारी बाबांनी विचारलं. ते खुर्चीत बसून ट्रे पुसत होते, तेवढ्यानेही त्यांना दम लागत होता.

“नापास. रोज नापास. आठवडे झाले, एकही उत्तर बरोबर नाही.”

“एकही नाही?” बाबांचा हात थांबला. “अगं, चार तर बाटल्या. ठोकून दिलं तरी एखादं लागतं की! मी अख्खी शाळा ठोकून देऊन पास झालोय. सगळीच्या सगळी चुकवायची म्हणजे बरोबर काय ते आधी माहीत पाहिजे.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बाबा पुन्हा ट्रे पुसायला लागले, पण गालातल्या गालात हसत.

त्या दुपारी मी त्याच्या खांद्यावरून पहिली बाटली पुढे केली. दालचिनी.

“लवंग?” तो म्हणाला.

दुसरी. लिंबाची साल.

“ही... कॉफी असावी.”

“कधीपासून येतोय वास?” मी विचारलं.

 त्याचे कान! मफलरपासून टोकापर्यंत लाल.

“मी काय विचारतेय?”

“ते दाट धुकं पडलं होतं ना... त्या दिवसापासून,” तो हळूच म्हणाला. “आधी लिंबाची साल आली. मी ओरडणारच होतो. पण मग तिच्या मागून आणखी काहीतरी आलं. लोकर, पीठ, जरासा धूर. तू मागे उभी होतीस. आणि मला आठवलं, नाक आलं की बाक रिकामा करायचा आहे.”

तू म्हणाला तो मला! इतके दिवस अहोजाहो चाललं होतं आणि आता भिंतीकडे बघत सरळ ‘तू’. 

“आणि साहेबांना काय सांगितलंयस?” मीही ‘तू’वर आले.

“वास गेला होता, एवढं कळवलंय. परवा इथल्या कचेरीत परीक्षा आहे. त्यात नापास झालो की वखार मिळेल. ती इथून चालत जाण्यासारखी आहे.”

“म्हणजे मुद्दाम नापास होणार?”

“मला चालेल.”

“मला नाही चालणार!” माझा आवाज चढला. “आज म्हणतोस चालेल. उद्या पेट्या बघून बघून कंटाळशील आणि मनातल्या मनात मला बोल लावशील. माझ्यासाठी आपलं नाक कापून बसलेला माणूस मी रोज समोर कसा बघू?”

“मग काय करू? पास झालो तर जावं लागेल. तुला बाबांना सोडून येता येणार नाही, हे मला दिसत नाही का?”

 तो पुन्हा हळू बोलायला लागला.

“तुला सांगू का तू कशी आहेस? आम्ही चहाबद्दल लिहितो तसं? रंग गडद. पहिल्या घोटाला कडक. मध्ये जरा तुरट...”

“तुरट? मी?”

“...आणि मागून येणारा गोडवा असा, की मग दुसऱ्या कुठल्या चहाचा कप घ्यावासाच वाटत नाही.”

मी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते, आणि मास्क लावून रडलं की नाक फार वाईट गळतं.

“परवा बरोबर उत्तरं दे,” मी कसंबसं म्हणाले. “माझ्या मनात काय आहे ते पास झाल्यावर सांगेन. नापास झालास तर या जन्मी सांगणार नाही.”

“आणि मी पास झालो की नाही, तुला कसं कळणार? मी थाप मारली तर?”

“फोन चालू करून खिशात ठेव. मी ऐकणार आहे. तुझा आता काडीचा भरवसा नाही.”

ठरल्याप्रमाणे फोन वाजला तेव्हा मी खिडकीत होते. पाव कागदात बांधत होते आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. आधी खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग साहेबांचा, लांबून, मास्कमधून. मग एकदम सुर्रर्र!... मी दचकलेच. चहा असा ओरपून चाखतात हे मला कुठे माहीत? मग त्याचं उत्तर. खालच्या उताराचं पान, आच जास्त लागलेली. साहेब म्हणाले, “हं.” पुन्हा सुर्रर्र. पुन्हा उत्तर. तो बरोबर सांगतोय की चूक, मला काही कळत नव्हतं. मी एका बाईंना दोनदा सुटे पैसे दिले, त्यांनी जास्तीचे परत केले.

“आता हा शेवटचा,” साहेब म्हणाले.

सुर्रर्र. आणि मग काहीच नाही. किती वेळ काहीच नाही. मला ठाऊक होतं, उत्तर त्याच्या तोंडात आहे, आणि तो ते गिळून टाकू शकतो. मी डोळे मिटले. गिळू नकोस, असं एक मन म्हणत होतं. दुसरं काय म्हणत होतं, ते मी इथे सांगत नाही.

“यात दोन मळ्यांचा चहा मिसळलाय,” तो म्हणाला. “वरचा ताजा. खालचा गेल्या वर्षीचा.”

“शाब्बास!” साहेब हसले. “सोमवारी निघा.”

मी रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम. रांगेतली माणसं बघत होती. फोनमध्ये दार लागल्याचा आवाज आला, मग त्याचा श्वास, जिना उतरणारी पावलं.

“पास झालो,” तो म्हणाला.  “आता सांग.”

 एवढी बडबडी मी, नेमकी तेव्हाच जीभ टाळ्याला चिकटली. मागून बाबा म्हणाले, “बोल गं. माझी काळजी नको. तू जन्मायच्या आधीपासून भाजतोय मी पाव.”

“अहो पण तुम्हाला दम लागतो—”

“मग बसून भाजेन!”

रांगेतले आजोबा चार हातांवरून ओरडले, “बाई, काय ते सांगून टाका एकदाचं. पाव गार होतोय!”

मी मास्क हनुवटीखाली ओढला. माझं तोंड अख्ख्या रांगेने पहिल्यांदा पाहिलं असेल. फोन दोन्ही हातांत धरला.

“तू मला हवा आहेस,” मी म्हणाले. “सोमवारी जा. बाबांना दम लागायचा थांबला की मला न्यायला ये.”