सांधलेला थेंब

खरं सांगायचं तर भारतीनं ते वाईट मनानं केलंच नव्हतं. मिहानच्या उद्योगनगरीतल्या एका प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ, पण पोर कोष्ट्याची, विणकराची. कोष्ट्याच्या घरी माग कधी रिकामा करत नाहीत. जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं ठेवायची आणि नवा ताणा त्यालाच सांधायचा. भारतीनंही सांधलं, पण काय सांधलं बघा!

तिच्या नऊ वर्षांच्या खुशीला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. दुखायला लागलं की पोर रात्र रात्र विव्हळायची. प्रयोगशाळेत घडवलेल्या रेशमाच्या प्रथिनात निरोगी जनुक गुंडाळायचं, ते खुशीच्याच मूळपेशींत पोचवायचं आणि त्या पेशी परत तिच्या अंगात सोडायच्या, असा तो नवा उपचार होता. खुशीच्या आधी करिष्मा नावाच्या मुलीचा नंबर होता. तिच्या पेशी तयार झाल्या, पण त्या अंगात सोडण्याआधीच ती पोर चैतात गेली. तिच्या पेशींची बशी नष्ट करायला भारतीकडे आली, तेव्हा भारतीनं त्यातला एक थेंब खुशीच्या बशीत सोडला. जुन्या ताण्याला नवा सांधावा तसा, शकुन म्हणून. कोणाजवळ बोलली नाही.

आणि गुण आला की! दोन महिन्यांत खुशीचं दुखणं पार पळालं. उपचार करणारे डॉक्टर अभिजीत तर हरखून गेले होते.

त्या दुपारी भारती नवा रिपोर्ट घेऊन घरी आली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत कूलर घरघरत होता, ओल्या वाळ्याचा वास कोंदला होता. खुशी पलंगाच्या कडेला बसली होती, चपला घालून, पाहुण्यासारखी अंग चोरून.

"काहून वं, कुठं निघाली?"

पोरीनं वर पाहिलं. आवाज खुशीचाच होता.

"काकू... मले घरी सोडून द्या ना. आई वाट पाहून राहिली असन."

थट्टा करते का म्हणून भारती पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथं थट्टा नव्हती.

तिनं अभिजीतला फोन लावायला घेतला. पण सांगितलं तर ते करिष्माच्या थेंबासकट साऱ्या नव्या पेशी मारून टाकणार, आणि मग पुन्हा त्या रात्री, ते विव्हळणं. तिनं फोन खाली ठेवला.

"माही खुशी... कुठं आहे?"

"आतच आहे, काकू," पोर हळूच म्हणाली. "दिवसभर तुम्हाले हाका मारून राहिली. तुम्हाले आयकू नाही येत का?"

भारतीनं उठून कूलर बंद केला, आणि पोरीच्या छातीला कान लावला.