जाते नाही, येते म्हणावं

आम्रपाली शनिवारवाड्यावर पोचली तेव्हा ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. पुण्यात येऊन वर्ष झालं, तरी हा वाडा पाहायचा राहिलाच होता. खराडीतलं ऑफिस आणि तिथलीच भाड्याची खोली, यापलीकडे तिचं पुणं कधी गेलं नव्हतं. आजही ती काही हौसेनं आली नव्हती. चंद्रपुरात बसून आईनं तिला पिटाळलं होतं.

"सारे फोटू तू आपल्याच हातानं काढते," आई फोनवर म्हणाली होती. "तुले तिथं कोनी नाही का वं? मैत्रिणीनं काढलेला एक तरी पाठव. नाही तं मीच येईन आन् घेऊन जाईन तुले."

आणि आई बोलली म्हणजे करणार. मग नोकरीवर पाणी सोडायचं आणि मुकाट परत जायचं. बरं, आईचं चुकत होतं असंही नाही. ऑफिसात हाय-बाय करणारे ढीगभर, पण सुट्टीच्या दिवशी जिला फोन करावा अशी एकही नाही. आम्रपालीनं ठोकून दिलं, की मैत्रिणीबरोबर शनिवारवाड्याला चालले आहे.

दिल्ली दरवाजाच्या आतल्या पायऱ्या चढून ती तटावर आली. शहाणी माणसं सकाळीच येऊन, फोटो काढून, घरी जाऊन जेवायला बसली होती. तटावर किंवा खालच्या हिरवळीवर चिटपाखरू नव्हतं. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत असावेत, पण वर येईस्तोवर ते विरून जात होते. तापलेल्या दगडांचा कोरडा वास नाकात बसत होता. तिनं स्वतःचा एक फोटो काढून पाहिला. माथ्यावरच्या उन्हानं डोळ्यांच्या जागी नुसती काळी सावली आली होती. तिला एकदम रडू फुटलं. एवढ्या मोठ्या शहरात आपला एक फोटो काढायला माणूस मिळू नये!

"मी काढू का?"

मागे एक मुलगी उभी होती, साधारण तिच्याच वयाची. फिकट सुती ड्रेस, डोक्यावरून ओढणी. तिचेही डोळे त्या काळ्या सावलीत गेले होते. आम्रपालीला इतका आनंद झाला, की ही कुठून आली हे विचारायचंच राहिलं.

"अहो, प्लीज! आणि कोणी विचारलंच तर... आपण मैत्रिणी आहोत हं."

"मला कोणी कधी असं म्हटलं नाही," मुलगी हळूच म्हणाली.

फोन देताना तिची बोटं लागली. ती गार होती. त्या उन्हात बरंच वाटलं.

"तिथं भिंतीला टेकून उभ्या राहा. आता डोळे मिटा. नाहीतर उन्हानं बारीक होतील. मी सांगितलं की उघडा."

आम्रपालीनं डोळे मिटले. पावलं वाजली नाहीत. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आवाज आला, पण जरा लांबून...

"आता."

तिनं डोळे उघडले. समोर नुसता पांढरा झगझगाट होता. नजर स्थिरावली तेव्हा मुलगी फोन पुढे करून जवळ उभी होती.

"झालं. मी जाते."

"अहो, जाते म्हणू नये," आम्रपाली अगदी आईच्या सुरात म्हणाली. "जाते म्हटलं की माणूस परत येत नाही. येते म्हणावं."

"मी... येते म्हटलं तर चालेल?"

"चालेल काय, म्हणायचंच असतं!"

मुलगी हसली. "बरं. येते."

फोन पर्समध्ये ठेवून आम्रपालीनं मान वर केली, तर तटावर कोणी नव्हतं. गेली असेल घाईनं, ती मनाशी म्हणाली. पण परतीच्या बसमध्ये तिला पहिल्यांदाच या शहरात आपलं कोणीतरी आहे असं वाटलं.

खोलीवर येऊन तिनं फोटो पाठवला. खोलीबाहेरच्या गॅलरीत अजून ऊन होतं. लगेच आईचा फोन आला.

"लय सुंदर आला वं! पन ते पोरगी उभी कुठं होती? तुह्या पायाखालची सारी भिंत दिसते, पार खालच्या गवतापर्यंत."

आम्रपालीनं फोटो मोठा करून पाहिला. मध्यभागी ती, लहानशी. तिच्या चपलांखाली तटाची कड, आणि कडेखाली दगडांचे थर, एकाखाली एक, थेट हिरवळीपर्यंत. ती उभी होती तिथून पुढे तट जेमतेम दोन-चार पावलं रुंद होता. त्याच्यापुढे उभं राहायला काही नव्हतंच.

"आई..."

"जाऊ दे. मी काही आता येत नाही." वर्षभरात पहिल्यांदा आईचा आवाज मोकळा झाला होता. "माहा जीव भांड्यात पडला. सोबत आहे न तुले."

"आई, ऐक ना... इथं कोणी नाही. दार लावलेलं आहे. मी एकटीच आहे..."

"खोटं नको बोलू," आई हसत म्हणाली. "केव्हाची तुह्या मांगून सांगून राह्यली न ते, आले मी, आले मी. दे तिले फोन."