न घातलेले टाके

"घाबरू नका, पण... माझं बोट तुमच्या कपाळाला चिकटलंय."

एखाद्या देखण्या तरुणाने पहिल्याच भेटीत इतक्या जवळ येऊन काय बोलावं, तर हे!

ती मामांच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करायची. त्या सकाळी पुस्तकं दाबायच्या प्रेसचा दांडा सटकला आणि तिला भुवईच्या वर लागला. रक्त बघून मामाच आधी खुर्चीत बसले. मग एकमेकांना धरत दोघांनी हॉस्पिटल गाठलं. आता टाके पडणार, कपाळावर जन्मभराची शिवण दिसणार, असं ती धरूनच चालली होती. पण तरुण डॉक्टरने जखम धुतली, वाकून पाहिली आणि खूश होऊन म्हणाला, "वा! सरळ, स्वच्छ, उथळ. हिला सुई कशाला? चिकटवून टाकू."

"चिकटवून?" मामा दारातूनच ओरडले. "अहो, पोरगी आहे ती, पुस्तक नाही!"

तिचे मात्र कान टवकारले. चिकटवणं हा तर तिचा घरचा विषय. डोळ्यात थेंब जाऊ नये म्हणून डॉक्टरने तिच्या पापणीवर ओली पट्टी ठेवली, बोटांनी जखमेच्या कडा जुळवल्या आणि छोट्याशा नळीतून त्यावर गोंदाचा थर फिरवला. उघड्या डोळ्याने ती बघत होती. किती हलका हात होता त्याचा!

"आत नाही घालत गोंद?" तिने विचारलं.

"छे! आत गेला तर कडा जुळणार कशा? आपण वरून धरून ठेवायचं. खालचं काम कातडी स्वतः करते."

"आणि थर पातळ हवा. एक वाळला की मगच दुसरा."

"अगदी! जाड झाला की चटका बसतो..." तो थबकला. "तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्याकडे जाड झाला की पान सुरकुततं."

त्याने इतक्या आनंदाने तिच्याकडे पाहिलं, की गोंद वाळायच्या आत बोट बाजूला घ्यायचंच राहून गेलं. ते तिथेच चिकटून बसलं.

"ओढू नका हं," ती म्हणाली. "ओढलं की वरचा पापुद्रा निघतो."

"हे मी म्हणायचं असतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

नर्सने हसू दाबत मलम आणून दिलं. मलमाने जखमेवरचा गोंदही सुटला असता, म्हणून कापसाच्या बारीक काडीने तो फक्त बोटाखालची कड सोडवत राहिला. पाच मिनिटं लागली. तेवढ्यात त्याला तिच्या दुकानाची सगळी माहिती झाली आणि तिला त्याच्या डाव्या गालावरच्या तिळाची.

"सुटतंय का?" मामांनी विचारलं. "की यांनाही घरी न्यायचंय?"

सुटलं. डॉक्टर अभिमानाने म्हणाला, "आठवड्याभरात गोंद आपोआप गळून पडेल. टाके नाहीत, म्हणजे काढायलाही यायला नको. हेच तर याचं मोठेपण! परत यायची गरजच नाही."

तिचं तोंड एवढंसं झालं. कसलं मेलं मोठेपण!

नंतर रोज सकाळी ती आरशापुढे उभी राहायची. लोक जखम लवकर बरी व्हावी म्हणून धडपडतात; ही आपली 'लवकर सुट रे बाबा' म्हणून गोंदाची विनवणी करत होती. पाचव्या दिवशी तर तिने मलमाची डबी उघडली. बोटभर मलम... गोंद सुटेल, जखम जराशी उघडेल आणि मग जायला हक्काचं कारण मिळेल. पण आरशातली ती जोडणी इतकी सुबक होती, कडा अशा केसभरही न सरकता जुळल्या होत्या, की तिचा हात धजेना. दुसऱ्याचं एवढं चांगलं काम बिघडवणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने डबी बंद केली. आपण त्याच्या प्रेमात पडलोय हे तिला तेव्हा कळलं, आणि तिला रडू आलं.

आठव्या दिवशी तोंड पुसताना गोंद टॉवेलमध्ये आला. मामांना कागद आणायला जातेय असं सांगून ती निघाली.

तिला पाहताच डॉक्टर ताडकन उठला. "काय झालं? उघडली का जखम?"

"नाही. छान भरलीय."

"दुखतंय?"

"नाही."

"खाज... सूज?"

"काहीच नाही हो. तुम्हीच म्हणालात ना, परत यायची गरज नाही? म्हणून गरज नसताना आलेय."

तो खाली बसला. कपाळावरच्या पुसट रेघेकडे बघत राहिला... मग रेघेखालच्या डोळ्यांकडे.

"आठ दिवस स्वतःला शिव्या घालतोय," तो म्हणाला. "दोन टाके घातले असते, तर तीन दिवसांपूर्वीच तुम्ही इथे असता."

"मग घालायचे होते!"

"नसतं जमलं. चांगली जखम बघितली की मला राहवत नाही." मग घसा साफ करून, निदान सांगावं तसं तो सरळच म्हणाला, "तुम्ही मला फार आवडता."

"मलाही तुम्ही... आणि तुमचं कामसुद्धा," ती म्हणाली.

"मी दोन वाजता सुटतो. थांबाल?"

"बाहेर बसते," ती म्हणाली आणि हसली. कपाळ ताणू नये म्हणून गेले आठ दिवस ती जपून हसत होती. आज तिने काहीच जपलं नाही.